एकाच आडनावाचे आजार

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलं होतं. पाणी ओसरलं, चिखल निघाला, पण माझा थकवा काही निघेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ईएसआर वाढलेला, रक्तातलं एकूण प्रथिन थोडं जास्त. मग त्यांनी आणखी एक तपासणी लिहून दिली. तिचं नाव तेव्हा मला नीट उच्चारताही येत नव्हतं. रिपोर्ट आला, त्यात शेवटी एकच ओळ होती : 'एम बँड' आढळला.

त्याच संध्याकाळी पुण्याहून थोरल्या पुतण्याचा फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलंच होतं. त्याने एकच प्रश्न विचारला, "आत्या, बाबांना झालं होतं तेच का गं हे?"

मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, तीसेक वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेली बाई आहे. त्यामुळे उत्तरही इतिहासाच्या वाटेनंच देणार. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी दादाबद्दल. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आयुष्यभर ट्रक चालवला. कोल्हापुरातून गुळाचे रवे भरायचे आणि गुजरातच्या बाजारात नेऊन उतरवायचे. २००३ च्या दिवाळीनंतर त्याची पाठ दुखायला लागली. ट्रक ड्रायव्हरची पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं. आम्हीही धरलं आणि डॉक्टरांनीही. पट्टा झाला, शेक झाला, मालीश झालं, आणि रोज दोन-दोन वेदनाशामक गोळ्या. एकदा लघवी तपासली. पट्टीवर अल्ब्युमिन नाही असं आलं, म्हणून मूत्रपिंडाची काळजीही मिटली. असे आठ महिने गेले. दादाची उंची कमी झाल्यासारखी वाटत होती. वहिनी म्हणायच्या, "ह्यांचे सदरे खाली लोंबायला लागलेत." आम्ही हसायचो. आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो, कारण दादाच्या पाठीचे मणके आतल्या आत चेपत होते.

जून २००४ मध्ये त्याला उलट्या सुरू झाल्या. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं त्याला मुंबईला परळला, टाटा रुग्णालयात नेलं. तिथे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, आणि तीन दिवसांनी आम्ही ते नाव पहिल्यांदा ऐकलं : मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. दादा पुढे दहा महिने जगला.

तर पुतण्याच्या आवाजात जी भीती होती ती ही होती. माझ्या रिपोर्टवरही प्लाझ्मा पेशींचंच प्रथिन सापडलं होतं. दादाच्या जुन्या फाइलमध्येही 'एम बँड' हाच शब्द आहे, मी काढून पाहिला.

इथे मला वर्गातली एक गोष्ट आठवते. दरवर्षी सहामाहीच्या पेपरात एक तरी पोरगं लिहायचंच, की शाहू महाराजांनी वारणेचा तह केला आणि मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. दोन्ही वाक्यं खरी, पण माणसं वेगळी! वारणेचा तह १७३१ चा, तो केला सातारच्या शाहू छत्रपतींनी. राखीव जागांचा हुकूम १९०२ चा, तो काढला आपल्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंनी. नाव एक, आडनाव एक, घराणं एक, मध्ये पावणेदोनशे वर्षं. मी पोरांना सांगायचे, नावावरून माणूस ओळखू नका. साल बघा, गाव बघा, त्यानं काय केलं ते बघा.

प्लाझ्मा पेशींच्या आजारांचं अगदी असंच आहे. सगळे एकाच घराण्यातले. त्यांना वेगळं ओळखायला वैद्यकाला पावणेदोनशे वर्षं लागली आहेत, आणि तो इतिहास वाचण्यासारखा आहे.

सुरुवात १८४४ ची. आपल्याकडे सामानगडावर गडकऱ्यांनी बंडाचं निशाण उभारलं तेच हे साल. त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युअल सॉली नावाच्या शल्यचिकित्सकानं सारा न्यूबरी या एकोणचाळीस वर्षांच्या बाईची हकीकत छापली. तिची पाठ काही वर्षं दुखत होती. एकदा नवऱ्यानं तिला उचलून बिछान्यावर नेलं, तेवढ्यानं तिच्या मांडीची हाडं मोडली. ती एप्रिल १८४४ मध्ये गेली. सॉलीनं तिची हाडं उघडून पाहिली तर आत मगजाच्या जागी तांबडा लगदा होता. त्यानं नाव दिलं 'हाडं मऊ होणं'. आता, हाडं मऊ व्हायला कारणं अनेक असतात. ड जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतात, आणि आपल्याकडच्या बायकांत ते सर्रास असतं. पण तेव्हा सगळ्यांना एकच नाव होतं.

पुढच्याच वर्षी, १८४५ मध्ये, लंडनचाच एक किराणा दुकानदार, थॉमस मॅक्बीन, छातीच्या आणि कमरेच्या दुखण्यानं आडवा झाला. त्याला जळवा लावल्या, रक्त काढलं, छातीला पट्ट्या बांधल्या. (दादाचा पट्टा आठवतोच.) त्याला बघणाऱ्या डॉ. मॅकिंटायर यांनी एक गोष्ट केली : त्याची लघवी तापवून पाहिली. त्यात प्रथिन होतं, पण विचित्र. अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की शिजला, तो पुन्हा पातळ होत नाही. हे प्रथिन कोमट झालं की साकळायचं, उकळलं की विरघळायचं आणि गार झालं की परत साकळायचं! तो नमुना हेन्री बेन्स जोन्स या एकतीस वर्षांच्या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे गेला. त्यानं हिशेब केला, की या माणसाच्या लघवीतून रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन चाललंय. मॅक्बीन १ जानेवारी १८४६ ला गेला. बेन्स जोन्सनं ते प्रथिन लिहून ठेवलं आणि बजावलं, की हाडं मऊ झालेला दुसरा रुग्ण भेटला तर त्याच्याही लघवीत हे शोधा. आजही त्याला 'बेन्स जोन्स प्रथिन' म्हणतात.

वेगळं ओळखण्याची ही पहिली खूण. हाडं तर सगळ्यांचीच मऊ, पण लघवीत हे प्रथिन असेल तर आजार वेगळा. आणि इथेच मला दादाच्या त्या पट्टीचा उलगडा झाला. लघवीच्या साध्या पट्टीवर दिसतं ते मुख्यतः अल्ब्युमिन. बेन्स जोन्स प्रथिन तिला नीट दिसतच नाही. पट्टी खोटं बोलली नव्हती, आपण तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

पुढे १८७३ मध्ये रुस्तिझ्की या रशियन डॉक्टरला एका मृताच्या हाडांमध्ये आठ गाठी सापडल्या, आणि त्यानं 'मल्टिपल मायलोमा' हे नाव घातलं. मायलोमा म्हणजे मगजाची गाठ, मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी. १८८९ मध्ये प्रागच्या ओटो काहलर यांनी लूस नावाच्या रुग्णाची सविस्तर हकीकत लिहिली. तो रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. त्याची हाडं दुखत होती, रक्त कमी झालं होतं, पाठीला बाक आला होता, लघवीत बेन्स जोन्स प्रथिन होतं. पण हा मगज नेमका कशानं भरतो? ते १९०० मध्ये अमेरिकेतल्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं : प्लाझ्मा पेशींनी.

या प्लाझ्मा पेशी मुळात वाईट नाहीत हं. त्या आपल्या पहारेकरी. शरीरात जंतू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं करतात. निरोगी मगजात त्या असतातच, पण थोड्या. राइट यांच्या वेळी मगज बघायला मिळायचा तो माणूस गेल्यावर. जिवंत माणसाच्या छातीच्या हाडातून सुईनं मगज काढायची सोपी रीत अरिंकिन या रशियन डॉक्टरनं १९२९ मध्ये दाखवली. तोवर निदान बहुतेक वेळा मरणानंतरच व्हायचं.

आपल्या महाराष्ट्रात पेशी पाहून मग नाव देण्याची शिस्त ज्यांनी रुजवली त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा रुग्णालय सुरू झालं, आणि तिथल्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख झाले. कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या त्या जागेवरच्या कर्करोगावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिलंय. म्हणजे आपल्या माणसाचं नेसणं-खाणं बघून रोग ओळखणारा हा माणूस. पुढे १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली, देशातली तशी पहिली. दादाचा मगज काचेवर पसरून पाहिला गेला तो त्याच परळमध्ये. शंभर पेशींमागे चाळीस प्लाझ्मा पेशी होत्या.

आता 'एम बँड' कडे येते, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

१९३७ मध्ये स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी रक्तातली प्रथिनं विजेच्या साहाय्यानं वेगळी करायचं यंत्र तयार केलं. (१९४८ चं नोबेल त्यांना मिळालं.) वीज सोडली की वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या वेगानं पळतात आणि आपापल्या जागी थांबतात. माझी ती उच्चारता न येणारी तपासणी हीच, इलेक्ट्रोफोरेसिस. प्रतिपिंडांचा भाग एरवी पसरट दिसतो, बुटक्या टेकडीसारखा. मायलोमाच्या रुग्णांत तिथे देवळाच्या कळसासारखं एक टोक निघतं. तेच एम बँड.

टेकडी आणि कळस यांत फरक काय, ते मला माझ्याच पेशातून कळलं. समजा पेपर अवघड निघाला आणि पन्नास पोरांनी पुरवण्या जोडून जोडून लिहिलं. गठ्ठा जाड होतो, पण अक्षर प्रत्येकाचं वेगळं, चुका वेगळ्या. शरीरात क्षयरोग, कुष्ठरोग, काळा आजार किंवा यकृताचं दुखणं असलं की हेच होतं. नाना तऱ्हेच्या प्लाझ्मा पेशी जोरानं कामाला लागतात आणि टेकडी उंच होते. पण पन्नास पेपरांत एकच अक्षर, एकच वाक्य आणि एकच चूक दिसली तर? कॉपी झालीय! एकाच पेशीची पिलावळ वाढून एकच प्रथिन ओतत सुटली, की कळस उभा राहतो. प्रतिपिंडं अनेक कुळांची की एकाच कुळाची, हा भेद स्पष्टपणे मांडला स्वीडनच्याच यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी, १९६०-६१ च्या सुमाराला. आपल्यासारख्या देशात तर तो फारच कामाचा, कारण इथे टेकडी उंच व्हायला निमित्तं पुष्कळ असतात.

पण कॉपी सापडली म्हणजे निकाल लागला असं नाही. एका बाकावरच्या दोघांनी एक उत्तर पाहून लिहिलं, की पेपरच आधी फुटला, हे वेगळं शोधावं लागतं. याच वाल्डेनस्ट्रॉम यांना ते आधीच जाणवलं होतं.

साल १९४४. तिकडे युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. इकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित छावणीत राहत होते. दादा तेव्हा सहा वर्षांचा. गोऱ्या बायका मंडईत भाजी घ्यायला यायच्या, हे तो आम्हाला रंगवून सांगायचा. त्या साली वाल्डेनस्ट्रॉम यांनी दोन रुग्णांचं वर्णन केलं. नाकातोंडातून रक्त यायचं, गाठी सुजलेल्या, मगजात पेशींची गर्दी, म्हणजे मायलोमाच म्हणायला हरकत नाही. पण त्यांची हाडं शाबूत होती! आणि रक्त होतं घट्ट. आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस आटत आटत काकवी होते ना, तसं. त्या रक्तातलं प्रथिनच अवाढव्य आकाराचं निघालं. हा मायलोमाचा चुलतभाऊ, आज 'वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया' म्हणून ओळखला जातो. दोघांचे उपचार वेगळे. २०१२ मध्ये तर या चुलतभावाची जनुकातली खूणही सापडली. दहातल्या नऊ रुग्णांच्या पेशींत एकाच जागी एकच बदल असतो.

आता माझ्या आडनावाच्या शाखेकडे. १९५०-६० च्या दशकांत ही वीज-तपासणी सगळीकडे होऊ लागली, तसा डॉक्टरांना एक विचित्र अनुभव आला. धडधाकट म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातही छोटासा कळस दिसायचा. हाडं ठीक, मूत्रपिंडं ठीक, रक्त ठीक. वर्षानुवर्षं काही व्हायचंही नाही. याला म्हणायचं काय? वाल्डेनस्ट्रॉम आणि इतर काहींनी म्हटलं, 'सौम्य', निरुपद्रवी. ऐकायला बरं वाटतं. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांनी असे २४१ रुग्ण चिकाटीनं वर्षानुवर्षं पाहिले. बहुतेकांना काही झालं नाही, पण काहींना पुढे मायलोमा झाला, आणि तो कुणाला होणार हे सुरुवातीला ओळखता येत नव्हतं. मग 'निरुपद्रवी' म्हणणं खोटं ठरलं असतं आणि 'कर्करोग' म्हणणंही. १९७८ मध्ये काइल यांनी नाव ठेवलं ते असं : एककुळी प्रथिन, अर्थ अनिश्चित. इंग्रजी आद्याक्षरांनी 'एमजीयूएस'.

हे नाव वाचून मी अक्षरशः थांबले. इतिहासाच्या पुस्तकात 'उपलब्ध पुराव्यावरून निश्चित सांगता येत नाही' हे वाक्य लिहायला किती धीर लागतो ते मला माहीत आहे. पोरांना ते आवडत नाही, पालकांना तर मुळीच नाही. सगळ्यांना उत्तर हवं असतं. इथे एका डॉक्टरनं आजाराच्या नावातच ती कबुली घातली. आणि कबुली देऊन गप्प बसले नाहीत, मोजत राहिले. २००२ मध्ये त्यांनी १,३८४ जणांचा हिशेब मांडला : दरवर्षी शंभरातल्या सुमारे एकाचं पुढे मायलोमात किंवा तशा आजारात रूपांतर होतं. २००६ मध्ये त्यांच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या लोकांचं रक्त तपासलं, तर शंभरात तिघांच्या रक्तात असा कळस, आणि सत्तरीपुढे शंभरात पाचांच्या. म्हणजे आमच्या वयाच्या माणसांत ही गोष्ट तशी काही दुर्मीळ नाही.

दोन्हींच्या मध्ये आणखी एक खोली आहे. पेशी बऱ्याच वाढलेल्या, पण अजून इजा कुठेच नाही. १९८० मध्ये काइल आणि ग्राइप यांनी तिला नाव दिलं, ते आपल्या भाषेत 'धुमसता मायलोमा' असं सांगता येईल. राखेखालचा विस्तव. तो पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी शंभरातल्या दहा जणांत भडकतो, पुढे हा वेग कमी होत जातो.

मग डॉक्टर भेद कसा करतात? मला समजावणारी रक्तविकारतज्ज्ञ मुलगी तिशीतली होती, आणि तिची आई माझी विद्यार्थिनी निघाली. (हे कोल्हापुरातच होतं!) तीही मला बाईच म्हणायला लागली. तिनं एका कागदावर माझे आणि दादाचे आकडे शेजारीशेजारी मांडले.

"बाई, पहिला प्रश्न, प्रथिन किती? तीन ग्रॅमच्या आत की वर? तुमचं शून्य पूर्णांक नऊ. दादांचं पाचच्या वर होतं. दुसरा, मगजात प्लाझ्मा पेशी दहा टक्क्यांच्या आत की वर? दादांच्या चाळीस. तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा : यानं शरीराला इजा केलीय का?"

इजा चार जागी बघतात. रक्तातलं कॅल्शियम, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन आणि हाडं. या वाढलेल्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात आणि हाड बांधणाऱ्यांना दाबतात. हाडं पोखरतात, त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं, प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतं, मगजात जागा उरत नाही म्हणून रक्त कमी होतं. दादाच्या बाबतीत चारांपैकी तीन गोष्टी झालेल्या होत्या. हिमोग्लोबिन साडेसात, मूत्रपिंडं निकामी, मणके चेपलेले. त्यात आठ महिन्यांच्या वेदनाशामक गोळ्या. त्या गोळ्या अशा मूत्रपिंडांना फार वाईट, हे मला तिच्याकडून कळलं. ते ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही.

माझं कॅल्शियम ठीक, मूत्रपिंड ठीक, हिमोग्लोबिन बारा, हाडांच्या फोटोत एकही भोक नाही. प्रथिनाचा प्रकार आणि प्रमाणही कमी धोक्याच्या गटातलं. तिनं तर मगज काढायचीही घाई केली नाही. म्हणाली, "सहा महिन्यांनी रक्त बघू, मग वर्षातून एकदा. औषध काही नाही."

"आणि माझा थकवा?" मी विचारलं.

"तो पुराचा, बाई. पंधरा दिवस चिखल काढलात ना?"

एवढ्यावर थांबले तर मात्र गोष्ट अर्धवट राहील. कमी प्रथिन म्हणजे नेहमीच सुरक्षित, असं नाही. याच घराण्यात 'अमिलॉइड' नावाची एक शाखा आहे. त्यात पेशी थोड्याच असतात, कळसही बुटका असतो, पण त्यांचं प्रथिन वेडंवाकडं घडी पडून हृदयात, मूत्रपिंडात, नसांत, जिभेत साचत जातं. १८५४ मध्ये जर्मनीच्या विर्शो यांना ते पिष्टासारखं वाटलं म्हणून त्यांनी हे नाव दिलं. ते प्रथिन आहे आणि या पेशींच्याच प्रतिपिंडाचा तुकडा असू शकतो, हे १९७१ मध्ये सिद्ध झालं. म्हणून त्या मुलीनं मला आणखी प्रश्न विचारले होते : लघवीला फेस येतो का, पायाला सूज, जिना चढताना धाप, डोळ्यांभोवती काळेनिळे डाग, तळव्यांना मुंग्या, जीभ जाड झाल्यासारखी? मला तेव्हा वाटलं, ही उगाच कुठल्या कुठे भटकतेय. ती भटकत नव्हती. आकडा लहान असूनही घात करणारा भाऊबंद शोधत होती. कधी एकाच हाडात एकच गाठ असते, कधी पेशी मगज सोडून रक्तात उतरतात. त्यांचीही नावं वेगळी आणि औषधंही वेगळी.

आणि सीमारेषा कायमची नसते. पूर्वी इजा दिसेपर्यंत थांबायचे. २०१४ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं, की मगजात साठ टक्क्यांच्या वर पेशी असतील, किंवा एमआरआयमध्ये हाडांत एकाहून जास्त डाग असतील, किंवा रक्तातल्या प्रतिपिंडाच्या सुट्या तुकड्यांचं प्रमाण फारच बिघडलं असेल, तर हाड मोडायची वाट बघायची नाही. त्याला मायलोमाच म्हणायचं आणि उपचार सुरू करायचे. कारण अशा बहुतेकांना दोन वर्षांत इजा होतेच, हे मोजून कळलं होतं.

उपचारही दादाच्या वेळचे राहिले नाहीत. २०२१ मध्ये अभिनेत्री किरण खेर यांना मायलोमा झाल्याचं जाहीर झालं. मोडलेल्या हाताच्या तपासण्यांतून तो सापडला होता. मोडलेला हात नुसता प्लास्टर करून सोडला नाही, तो मोडला का, हेही कुणीतरी विचारलं. दादाच्या पाठीला ते कुणी विचारलं नाही. मी आता कुणाला दोष देत नाही. त्या डॉक्टरांनी दिवसाला अशा पन्नास पाठी पाहिल्या असतील, आणि एकोणपन्नास खरंच ट्रकच्याच असतील.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, बाबांना झालं ते हे नाही. घराणं तेच, माणूस वेगळा. उद्या हा तो होईल का? होण्याची शक्यता लहान आहे, पण आहे. म्हणून मी दरवर्षी दंड पुढे करते. आजवर सहा वेळा केला, आकडा शून्य पूर्णांक नऊ आणि एकच्या मध्ये फिरतोय. जवळच्या नातेवाइकांत हे थोडं जास्त आढळतं, असंही ती म्हणाली. तेव्हा घाबरून रोज रक्त तपासत बसू नकोस. पण तुझीही पन्नाशी उलटली आहे. पाठ महिनाभराच्या वर दुखली, रात्री पडल्यावरही थांबेना, त्यात थकवा आणि रक्त कमी, असं झालं तर गोळ्या गिळत बसू नकोस. डॉक्टरांना सरळ सांग, माझ्या वडलांना मायलोमा होता. बाबांच्या वेळी हे वाक्य आपल्याकडे नव्हतं. तुझ्याकडे आहे.

दादाची फाइल माझ्याच कपाटात आहे. माझे रिपोर्टही तिथेच ठेवते. पण पिशव्या दोन वेगळ्या केल्यात, आणि दोन्हींवर ठळक अक्षरात नाव आणि साल लिहिलंय.

असो. तूर्तास एवढंच.